नानांच्या ट्रॉलीची हवा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले आहेत अशीच माझी समजूत झाली.

जळकोटजवळ हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. भाड्यानं खोली मिळते असं कळलं म्हणून विचारत विचारत त्या घरापाशी गेलो. दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाला कान लावून एक साठीतला माणूस मातीत आडवा पडला होता. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, टोपी बाजूला घरंगळलेली. मी बॅग टाकली, धावत गेलो आणि त्यांची नाडी धरली. त्यांनी डोळे न उघडता दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"श्शऽ! ऐकू यालंय."

"काय ऐकू येतंय?"

"गेलं. तुमी बोललाव आन् गेलं."

असे आमचे घरमालक. गाव त्यांना नाना म्हणायचं. मी दवाखान्यातला म्हटल्यावर त्यांनी मला तिथल्या तिथं डॉक्टर करून टाकलं. मी फक्त गोळ्या देतो, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते म्हणायचे, "गोळ्या तुमीच देताव न्हवं? मग तो दुसरा नुसता लिव्हतोय." खोली मला लगेच मिळाली. ती कोणाच्या शिफारशीमुळं नव्हे, तर त्यांच्या मते मी पहिलाच भाडेकरू होतो ज्यानं टायर बघून हसण्याऐवजी नाडी बघितली.

दुखणं असं होतं. ट्रॉलीच्या मागच्या डाव्या चाकाची हवा जात होती. भसकन नव्हे, हळूहळू. संध्याकाळी टणक असलेलं चाक सकाळी जरा सैल लागायचं, दुसऱ्या दिवशी आणखी सैल, आणि आठवडा सरायच्या आत ट्रॉली त्या कोपऱ्यावर वाकून उभी राहायची. दुसरं कोणी असतं तर हवा भरली असती आणि कामाला लागलं असतं. नाना तसे नव्हते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नुसती हवा भरायची म्हंजे पुरावा नष्ट करायचा."

ते पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या मन लावून वाचत, त्यातनं ही भाषा आली होती. टायरला ते 'प्रकरण' म्हणायचे. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, त्याला 'अवदसा' म्हणायच्या.

हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. नाना तिकडं फिरकत नसत. जो माणूस पंक्चरवर जगतो तो पंक्चर संपवील कशाला, असा त्यांचा सवाल होता. हाच सवाल ते दवाखान्याबद्दलही करत, तोही माझ्या तोंडावर, माझ्याच हातचा चहा पीत. त्यामुळं सगळा तपास घरच्या घरी चालायचा. जॅक लावून चाक उचलायचं, नट खोलायचे, पहारीनं टायर रिमवरनं उकलायचं, आतली ट्यूब काढायची, पंपानं फुगवायची आणि जनावरांच्या हौदात बुडवून बघायची. गळती असेल तिथनं बुडबुडे यायला हवेत. बुडबुडे कधीच यायचे नाहीत. ट्यूब हौदात निवांत पडलेली असायची, आणि नाना कठड्यावर बसून तिच्याकडं, एखाद्या मुरलेल्या आरोपीकडं फौजदारानं बघावं, तसे बघत राहायचे. म्हशीला पाणी पाजायला घेऊन आलेल्या काकू कासरा धरून मागं उभ्या.

"आवं, सरा की. तान्हेली जनावरं हायेत."

"दम धर. आता बोलंल ती."

ट्यूब बोलायची नाही. काकू बोलायच्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग साबणाचा फेस. घरातली कपड्याची पावडर बादलीत घोळून नाना टायरभर फासायचे. कुठल्या पावडरीचा फेस दाट, कुठल्याचा टिकाऊ, यावर त्यांचा अभ्यास झाला होता आणि तो ते किराणा दुकानात उभं राहून बायाबापड्यांना ऐकवायचे. त्या घरात माणसांच्या कपड्यांपेक्षा टायर जास्त वेळा धुतलं जायचं. आमच्या मालकांचा सदरा मळका आणि ट्रॉलीचं एक चाक मात्र नव्यासारखं काळंभोर, हे दृश्य मी सगळी नोकरी पाहिलं.

सगळ्यात अवघड होतं ते कानानं ऐकणं. त्यासाठी गल्ली गप करावी लागायची. सकाळी नाना चाकापाशी आडवे झाले की घरातला पंखा बंद, मिक्सर बंद, मोबाइल बंद. शेजारच्या पोरीची पाठांतरं बंद. एकदा मारुतीच्या देवळात भोंग्यावर आरती लागली होती, तर हे तरातरा गेले आणि पुजाऱ्याला म्हणाले, "महाराज, देव कुठं पळून चाललाय का? माझी हवा चाललीय." पुजाऱ्यानं आरती थांबवली. नानांशी वाद घालण्यापेक्षा देवाची समजूत काढणं सोपं, हे त्याला अनुभवानं ठाऊक असावं.

दवाखान्यात एक जुना स्टेथोस्कोप अडगळीत पडला होता. तो नानांच्या नजरेला पडला आणि त्यांनी तो 'फक्त ऐतवारपुरता' म्हणून नेला. पुढं मी कित्येक ऐतवार पाहिले, स्टेथोस्कोप परत आला नाही. तो गळ्यात अडकवून नाना टायरभोवती उकिडवे बसून सरकायचे. रस्त्यानं जाणारी म्हातारी माणसं थांबायची आणि नानांचं टायर ऐकून झालं की मनगट पुढं करायची. नाना त्यांनाही तपासायचे. "हवा बराबर हाय," असं सांगून वाटेला लावायचे. त्यातली निम्मी माणसं मग दवाखान्यात यायचीच नाहीत.

चाकांचं हे वेड घरापुरतं नव्हतं. बाहेरगावी गेले की आधी समोरच्याच्या गाडीची चाकं लाथेनं दाबून बघायचे. पुतण्यासाठी स्थळ बघायला येडशीला गेलो होतो, मलाही बरोबर नेलं होतं. पोरगी चांगली शिकलेली, घर नीटनेटकं, पोह्यांत शेंगदाणे सढळ. नाना मात्र अंगणात सोयरेबुवांच्या जीपभोवती फिरत राहिले. परतताना निकाल दिला, "माणूस ढिला हाय. चारी चाकांत चार तऱ्हेची हवा." ते लग्न मोडलं असतं, पण सुदैवानं पुतण्यानं पोरीकडं पाहिलं होतं, जीपकडं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

नाना वैतागून एकदा नवी ट्यूब घेऊन आले. जुनी काढली, नवी घातली, गल्लीत पेढे वाटले. काही दिवस चाक टणक राहिलं. नंतर ते पुन्हा बसू लागलं. नव्याकोऱ्या ट्यूबची हवा जाते म्हटल्यावर नानांच्या तपासाला भलतीच दिशा मिळाली.

"डॉक्टर, ट्यूब खोटी न्हाय. मानूस खोटा हाय. कुनीतरी हवा सोडतंय."

"नाना, कोण सोडणार? आणि सोडायचीच असली तर सगळी सोडेल. अशी चिमूटभर कोण सोडतं?"

"हुशार मानूस. संशय याया नको म्हून."

हा हुशार माणूस म्हणजे त्यांचे थोरले चुलतभाऊ. त्यांना सगळे बप्पा म्हणायचे. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. ट्रॉली त्या भिंतीला लागून उभी असायची आणि बप्पांच्या दारात यायचा रस्ता थोडा अडायचा. बप्पा एकदा, अगदी सहज, "नाना, जरा पुढं घेत जा रं," असं म्हणाले होते. तपासाच्या भाषेत हे कारण झालं. बप्पा शेजारीच राहायचे, म्हणजे संधी झाली. उरला पुरावा, आणि पुराव्यावाचून नानांचं कधी अडलं नाही.

मी बप्पांना ओळखत होतो. शांत, ढगळ सदऱ्यातला, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का?" विचारणारा माणूस. नानांच्या वडलांच्या माघारी नानांना त्यांनीच वाढवलं होतं, हे मला काकूंनी सांगितलं. नानांचं पहिलं ट्रॅक्टरही बप्पांनीच पुढं उभं राहून घेऊन दिलेलं.

तरी नानांनी कॅमेरा बसवला. गावात सराफाच्या दुकानाला नसेल असा कॅमेरा ट्रॉलीच्या डाव्या चाकावर रोखला गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला मोबाइलवर तो सबंध कार्यक्रम दाखवला. कार्यक्रमात एक टायर होतं. मधे एक कुत्रं आलं, पाय वर करून गेलं. बाकी काही घडलं नाही, फक्त टायर थोडं बसलं.

"बघितलंत?" नाना म्हणाले.

"हो. कोणीच आलं नाही. म्हणजे बप्पा सुटले."

"सुटले? आवं, आले न्हाईत, म्हंजेच त्यांला कॅमेऱ्याची खबर लागली!"

या न्यायासमोर जगातला कुठलाही माणूस टिकला नसता.

बप्पांच्या नातीचं बारसं होतं. सगळी भावकी जेवायला. अंगणात पंगत बसली होती आणि बप्पा स्वतः वाढप्यासारखे वरणाची बादली घेऊन फिरत होते. नानांच्या पानापाशी येऊन ते वाकले, "घे रं, तूप हाय का वाटीत?" नानांनी पानावर आडवा हात धरला.

"वरण ऱ्हाऊ द्या. आधी येक सांगा बप्पा. माझ्या टायरची हवा का सोडताव?"

पंगत थांबली. कोणीतरी हसलं, पण नानांच्या चेहऱ्याकडं बघून आवरलं. बप्पांना आधी ती थट्टा वाटली असावी. मग त्यांना कळलं. त्यांनी बादली खाली ठेवली, हातातल्या पळीचं टोक बादलीच्या काठाला नीट अडकवलं, आणि म्हणाले, "जेव तू. जेवून घे आधी." आणि घरात गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत. पाळण्यातल्या पोरीच्या कानात नाव सांगताना आजोबा नव्हते.

त्यानंतर बप्पा ओट्यावर बसेनासे झाले. भिंतीवरनं काकू आणि बप्पांच्या घरच्या वहिनी भाजीच्या वाट्या द्यायच्या-घ्यायच्या, ते थांबलं. नानांना वाटलं, चोर गप झाला. पण चाकाची हवा जायची थांबली नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की बप्पांनी आता माणूस नेमला असावा.

अशात गावात बसथांब्याची शेड झाली. एक पत्रा, चार खांब आणि एका पुढाऱ्याचं नाव, एवढंच बांधकाम. त्याचं उद्घाटन ठरलं. आमच्याकडं अशा वेळी ट्रॉलीचं व्यासपीठ करतात. बाजूच्या फळ्या खाली पाडायच्या, सतरंजी अंथरायची, वर सोफा चढवायचा. गावात सगळ्यात लांब ट्रॉली नानांची. कार्यकर्ते मागायला आले. नानांनी सकाळी स्वतः पंपानं चाक टणक करून दिलं आणि एक अट घातली, "भाषणं आखूड करा. चाक न्यायप्रविष्ट हाय."

पुढारी सकाळी येणार होते, दुपार कलल्यावर आले. तोपर्यंत चाकानं आपलं काम सुरू केलेलं होतं. पुढारी वर चढले. त्यांच्या मागनं जिल्ह्याचे, तालुक्याचे, सर्कलचे, मग गावातले दोन्ही गट, आणि कोणाचेच नसलेले पण फोटोत असलेच पाहिजेत असे बरेच जण चढले. मान्यवरांचा सोफा नेमका मागच्या डाव्या अंगाला ठेवला होता.

भाषण सुरू झालं. "हा भाग आता मागं राहणार नाही!" पुढारी म्हणाले आणि ट्रॉली मागच्या कोपऱ्यावर बोटभर खाली गेली. "आपण सगळे मिळून वर जाणार आहोत!" टेबलावरची पाण्याची बाटली आडवी झाली आणि गडगडत मान्यवरांच्या पायाशी गेली. लोक टाळ्या वाजवत होते. सोफ्यावरचे सगळे एका बाजूला झुकले होते, पण आधी उठायचं कोणी, यावर एकमत होत नव्हतं.

मी लोकांत उभा होतो. नाना शेजारी होते ते अचानक दिसेनासे झाले. बघतो तर बादली घेऊन ट्रॉलीखाली. चाकावर एवढा भार असताना त्यांनी ते कधी तपासलंच नव्हतं. दर वेळी तपासायच्या आधी ते जॅक लावून चाक उचलायचे. ट्रॉली रिकामी उभी असताना गळती इतकी बारीक की फेस वाळून जायचा. आज तालुक्याचं सगळं वजन त्या एका टायरवर बसलं होतं.

खालनं त्यांचं डोकं बाहेर आलं. केसांना फेस, गळ्यात स्टेथोस्कोप. त्यांनी पुढाऱ्याच्या पायजम्याचं टोक ओढलं.

"सायेब, जरा गप बसताव का?"

माइक जवळ होता. वाक्य सगळ्या गावाला ऐकू गेलं, शेजारच्या गावालाही गेलं असेल. पुढारी थांबले. त्यांना असं कोणी म्हटल्याची सवय नसावी, त्यामुळं राग कसा धरायचा हे चटकन सुचलं नाही. सगळीकडं शांतता झाली. आणि त्या शांततेत चाकाच्या आतल्या अंगानं बारीक सूंऽऽ असा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला.

"घावली!" नाना ओरडले. "घावली रांडची!"

पुढारी आणि मंडळी भराभर उतरू लागली. नाना चाकाखालनं कळवळून ओरडले, "उतरू नका! आवं तुमी उतरलाव की ती बंद हुतीय! सायेब, चढा वर! त्या कोपऱ्यावर या!"

आणि काय सांगू, पुढारी चढले. शंभर मोबाइल वर झाले होते, माणूस लोकांच्या कामाला नाही म्हणणार कसा? नाना खालनं सांगतील तसे ते डाव्या कोपऱ्यावर यायचे, मग मागं सरायचे. ते आले की फेसाचा बुडबुडा फुगायचा, सरले की मिटायचा. रिममधनं हवा भरायची नळी ज्या भोकातनं बाहेर येते, त्या भोकाची कड गंजून करवतीसारखी झाली होती. भार आला की ती नळीच्या बुडाशी रबरात घुसायची, आणि भार गेला की रबर पुन्हा मिटायचं. नवी ट्यूब घातली तर तिलाही त्याच कडेनं खाल्लं. हौदात ट्यूब एकटी, तिच्यावर ना रिम ना भार. ती बोलणार काय?

लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. तेवढ्यात गर्दीतनं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हंजे बप्पा नव्हतं की वो नाना!"

हसू थांबलं. मी मागं वळून पाहिलं. बप्पा पार शेवटी, चिंचेखाली उभे होते.  त्यांनी टोपी नीट केली आणि ते घराकडं वळले. नाना चाकाखाली तसेच बसून राहिले. बुडबुडा फुगत होता, त्याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या रिमची कड नानांनी कानशीनं घासून गुळगुळीत केली, ट्यूब बदलली, चाक टणक झालं. इतक्या वर्षांचं प्रकरण मिटलं. पण गल्लीत पेढे आले नाहीत. नाना गप गप झाले. जेवताना पान सरकवून उठायचे. काकू मला म्हणाल्या, "अवदसा गेली, पर मानूस बी घिऊन गेली." मी नानांना म्हटलं, जाऊन माफी मागा, दोन शब्दांचं काम आहे. ते म्हणाले, "डॉक्टर, म्या जलमात कधी चुकलो न्हाय, सवय न्हाय मला."

शेवटी एका सकाळी ते माझ्या दारात आले. हातात ती कापलेली ट्यूब. "चला. साक्षीदार पायजे."

बप्पा आत खाटेवर बसले होते. वहिनींनी आम्हाला पाहिलं आणि चुलीवर चहा ठेवला. नाना खाली जमिनीवर बसले. ट्यूब पुढं केली, नळी अंगठ्यानं वाकवली, रबरातली चीर उघडून दाखवली. रिम, कड, भार, सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ सांगत होते. बप्पा ऐकत होते. सांगण्यासारखं संपलं आणि नाना थांबले. ट्यूब मांडीवर घेऊन तिच्याकडंच बघत म्हणाले, "बप्पा, तुमी न्हाई सोडली हवा. म्या... पंगतीत बोललो. नको हुतं बोलाया."

 एवढा मोठा माणूस, मान वर होईना.

 बप्पा खाकरले.

"नान्या, आता तू खरं बोललास, तर म्याबी बोलतो. येकदा सोडली हुती म्या."

नानांची मान झटकन वर झाली. "आं?"

"बारशाच्या आदी. ट्रॉली दारात आडवी लावली हुतीस. आला राग. सोडली थोडी."

"थोडीच?"

"थोडीच. संशय याया नको म्हून."

नाना ताडकन उठले. सगळं अंग उजळलं त्यांचं. "डॉक्टर! ऐकलं का? साक्षीदार हाव तुमी! म्या काय म्हनत हुतो? पैल्यापासनं काय म्हनत हुतो?" त्यांनी बप्पांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला, डोळे पुसले, पुन्हा हलवला. "बप्पा, तुमी म्हंजे लईच... आरं आमची मंडळी कुठं हाय, तिला सांगू द्या!" आणि चहा न पिता, ट्यूब तिथंच टाकून बाहेर पळाले. लगेच भिंतीपलीकडनं त्यांचा आवाज येऊ लागला, आधी काकूंना, मग रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी. चोर घरातलाच निघाला, पण मोठ्या मनाचा निघाला, कबूल झाला, असं ते सांगत होते.

वहिनींनी माझ्या हातात कप दिला. मी बप्पांना विचारलं, "खरंच सोडली होती तुम्ही?"

बप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. बाहेर नाना तिसऱ्या माणसाला सांगत होते. ते ऐकून बप्पा जरा हसले आणि नानांनी टाकलेली ट्यूब उचलून इकडून तिकडून बघू लागले.

"डॉक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "ह्याची हवा सोडायची म्हंजे, दाबायचं कुठं वो?"